पहिल्या मिस्साची वाईन

"वास घे," बाबा म्हणाले आणि बाटली त्यांनी माझ्या नाकाखाली धरली.

मी ओटीवर बसून जास्वंदीच्या कळ्या केळीच्या पानात बांधत होते. टेम्पो यायची वेळ झाली होती, हात ओले होते, आणि मला सकाळच्या त्या वेळी कोणी मध्ये बोललेलं खपत नाही. पण बाबांचा चेहरा बघून मी मुकाट्यानं वास घेतला. आलं, लवंग, आणि त्याखाली तो आंबटगोड वास, जो फक्त आमच्याच घरच्या वाईनला यायचा.

"झालीय चांगली," मी म्हटलं. "नाताळची ना?"

"नाताळची बरणीत आहे. ही ऑगूच्या मिस्साची."

मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना; माझा भाऊ ऑगू फादर होऊन पहिल्यांदा तो करणार होता. मला वाटलं, मिस्सानंतरच्या जेवणाची. मी म्हटलं, अख्खी आळी जेवायला येणार आणि तुम्ही एक बाटली नाचवताय. तर ते म्हणाले, "जेवणाची नाही गं. वेदीवरची. त्याच्या चषकात जायची."

मी हसले. त्यांनी बाटली धोतराच्या सोग्यात गुंडाळली आणि आत नेऊन ठेवली. ते हसले नव्हते.

हे सगळं वसईतलं, समुद्राच्या बाजूच्या आमच्या आळीतलं. घरात आम्ही आमच्या सामवेदी बोलीत बोलायचो, पण ती लिहिली तर निम्म्यांना कळायची नाही, म्हणून सगळ्यांच्या मराठीत सांगते. मी ब्रिजिट, तेव्हा एकतीस वर्षांची. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान ऑगस्टीन, आमचा ऑगू. आय आम्ही शाळेत असतानाच गेली. त्यानंतर बाबा, मी आणि दोन एकरांची फुलांची वाडी. मला तीन स्थळं सांगून आली होती. मी नाही म्हटलं. बाबांसाठी नाही म्हटलं असं लोक सांगायचे. खरं म्हणजे ते तिघेही मला पसंत नव्हते.

बाबांची वाईन आळीत प्रसिद्ध होती, पण चेष्टेसाठी. आमच्याकडे नाताळला घरोघरी वाईन होते. कुणाकडे जांभळाची, कुणाकडे बिटाची, कुणाकडे नुसत्या आल्याची. बाबा करायचे फुलांची आणि तणाची. देवळात वाहायला जास्वंदीची कळी लागते, उमललेलं फूल बाजारात कोणी घेत नाही. ती उमललेली फुलं ते टोपलीत गोळा करायचे. कुंपणावरची गोकर्ण घ्यायचे. आणि आंबटपणासाठी वाफ्यातली आंबुशी. तीच ती तीन पानांची, पिवळ्या फुलाची, जी उपटता उपटता आमच्या कमरेचा काटा ढिला व्हायचा. पाकळ्या गरम पाण्यात, मग साखर, यीस्ट, मूठभर गहू, आलं, लवंग. चिनी मातीच्या बरणीला फडकं बांधायचं आणि एकवीस दिवस रोज लाकडी डावानं ढवळायचं, तेही एकाच बाजूनं. मी एकदा उलटं ढवळलं तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. लोक म्हणायचे, पास्कोल वाडी निंदतो आणि पितो. ते म्हणायचे, देवानं दिलं त्यातलं मी काही टाकत नाही.

आता ऑगूचं. तो सतराव्या वर्षी सेमिनरीत गेला. दुसऱ्या घरात पोरगा फादर व्हायला निघाला तर फटाके लावतात. आमच्या घरात चूल पेटली नाही. एकुलता एक मुलगा, वाडी कोण बघणार, नाव कोण चालवणार. बाबा त्याला भांडले नाहीत, अडवलंही नाही. फक्त बोलायचे बंद झाले. त्याची ट्रंक त्यानं एकट्यानं स्टँडपर्यंत नेली आणि बाबा रहाटाजवळ पाठ करून उभे राहिले. दोन वर्षं. तो सुट्टीला यायचा, जेवायचा, जायचा, बाबांचा एक शब्द नाही. मग एका मे महिन्यात तो दारात उभा असताना बाबा म्हणाले, "जेवलास का?" आणि बोलणं सुरू झालं. त्या दोन वर्षांबद्दल मात्र दोघांनीही कधी तोंड उघडलं नाही.

त्या दिवशी टेम्पो गेल्यावर मी बाबांना गाठलं. म्हटलं, हे काय डोक्यात घेतलंत? ते वाफ्याच्या कडेला बसले होते.

"मी त्याला जा म्हटलं नव्हतं, ब्रिजू," ते म्हणाले. "बापानं म्हणायला हवं होतं. आता म्हणायचंय. पण बोलून मला जमत नाही. हे मला जमतं. माझ्या हातचं त्याच्या चषकात गेलं की त्याला कळेल."

मला चषकातल्या वाईनबद्दल काय माहीत होतं? आम्ही बसायचो बाकावर. फादर वर काय पितात ते फादरांना ठाऊक आणि देवाला ठाऊक. वाईन म्हणजे वाईन, असंच मलाही वाटत होतं. उलट मला ते आवडलं. इतकं आवडलं की मी उगीच त्यांना म्हटलं, उठा, ओल्यावर बसू नका.

ऑगू गुरुदीक्षा होऊन, फादर होऊन घरी आला, नाताळनंतर. रविवारी आमच्या चर्चमध्ये त्याचा पहिला मिस्सा. मी त्याला तगरीच्या झाडाखाली पकडलं आणि मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं. वाटलं, भाऊ आता गळ्यात पडेल. तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाय, ते चालत नाही," तो म्हणाला. त्यानं मला समजावलं. वेदीवर फक्त द्राक्षाची वाईन. दुसऱ्या कशाची घातली तर तो मिस्साच होत नाही, नुसतं नाटक होतं. नियम त्याचा नाही, चर्चचा आहे, शेकडो वर्षांचा.

मी म्हटलं, मग बाबांना सांगू नको. वेदीवरच्या काचेच्या सुरईत तुझी घाल आणि त्यांना वाटू दे त्यांची आहे. झाकली मूठ राहील.

"वेदीवर उभं राहून बाबांना फसवू? पहिल्याच दिवशी?"

आणि तो सरळ स्वयंपाकघरात गेला. मी मागोमाग. बाबा मडक्यातलं पाणी पीत होते. ऑगूनं फार मऊपणे सांगितलं, हे मला कबूल करावं लागेल. बाबांनी पेला खाली ठेवला.

"मिस्सात वाईन उचलून तुम्ही म्हणता ना, माणसाच्या कष्टांचं फळ?"

"त्याच्या आधी वेलीचं म्हणतो, बाबा. द्राक्षाच्या."

"ते मी नीट ऐकलं नव्हतं," बाबा म्हणाले. आणि हसले. "बरं झालं आधीच सांगितलंस. पाहुण्यांना देऊ."

मग ते वाडीत गेले आणि सकाळी पाणी घातलेल्या वाफ्यांना पुन्हा पाणी घालायला लागले. बावखलातून, म्हणजे वाडीतल्या पाण्याच्या डोहातून, घागर भरायची, आणायची, ओतायची. मोगऱ्याच्या आळ्यात तळं झालं तरी थांबेनात. मी खिडकीतून बघत होते आणि मला ऑगूचा राग आला, चर्चचा आला, त्या शेकडो वर्षांचा आला. माझा राग म्हणजे आळीत म्हणायचे तसा, आधी हात चालतो आणि मग डोकं.

रविवारी सकाळी वेदीची फुलं सजवायचं काम माझ्याकडे होतं. मिस्साच्या तासभर आधी मी टोपल्या घेऊन वेदीमागच्या खोलीत गेले. मिंगेल अंकल, चर्चची व्यवस्था तेच बघायचे, घंटेकडे गेले होते. टेबलावर पांढऱ्या फडक्यावर दोन काचेच्या सुरया भरून ठेवलेल्या. एकीत पाणी, एकीत वाईन.

टोपलीच्या तळाशी बाबांची बाटली होती. ती मी घरून निघतानाच घेतली होती, म्हणजे ठरवून घेतली होती. चुकून झालं असं मी आजही म्हणणार नाही. सुरईतली वाईन मी मोरीत ओतली आणि बाबांची भरली. रंग जवळजवळ तोच. मनात म्हटलं, देवाला कळलं तर कळू दे, त्याला पास्कोल ठाऊक आहे. ऑगूला चव लागेल तोवर सगळं होऊन गेलेलं असेल. आणि एक दिवस मी त्याला सांगेन, तू बाबांचं प्यायलास म्हणून.

चर्च भरून बाहेर मंडपात माणसं होती. आम्ही पहिल्या बाकावर. बाबांनी नवा पांढरा सदरा घातला होता आणि ते ऑगूवरून नजर हलवत नव्हते. गायकमंडळ गात होतं. ऑगूनं सुरई उचलली आणि चषकात ओतायला लागला.

आणि थांबला.

मी काय विसरले होते? तो त्याच घरात वाढला होता. सतरा नाताळ त्यानं ती बरणी फडक्यावरून हुंगली होती. चवीपर्यंत जायची गरजच नव्हती.

त्यानं मान वर केली आणि बाबांकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. बाबांना आधी काही कळेना. मग त्यांचं लक्ष सुरईकडे गेलं, ऑगूच्या तोंडाकडे गेलं, आणि ते हळूच माझ्याकडे वळले. मी समोर क्रुसाकडे बघत राहिले.

ऑगूनं तो चषक बाजूला ठेवून वर फडकं घातलं. मिंगेल अंकलना बोलावून कानात सांगितलं. ते आत गेले, दुसरा चषक आणि सीलबंद बाटली घेऊन आले. गायकमंडळानं तेच कडवं तिसऱ्यांदा घेतलं. मागे कोणीतरी कुजबुजलं, माशी पडली असेल. ओतताना ऑगूच्या हातून वाईन फडक्यावर सांडली. पुढचा सगळा मिस्सा त्यानं खालच्या आवाजात म्हटला. अकरा वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो त्याचा दिवस मी असा केला.

मिस्सानंतर नव्या फादरचे तळहात चुंबायला बाहेर रांग लागली होती. ऑगूनं आधी बाबांना आणि मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"बाबा, का केलंत हे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला बोलायला पुरेसा वेळ होता. एरवी माझ्या जिभेला हाड नाही, पण त्या वेळी ती टाळ्याला चिकटली.

"चुकलं माझं," बाबा म्हणाले. "राहवलं नाही."

"मी तुम्हाला समजावलं होतं. तुम्ही हो म्हणालात." ऑगू रडायला लागला होता. "दोन वर्षं बोलला नाहीत, ते मी सोसलं. पण हे माझं एवढंच होतं, बाबा. एवढं तरी माझं राहू द्यायचं होतंत."

बाबा वाकले, त्याचे दोन्ही हात धरले आणि तळहात चुंबले. सगळ्यात पहिले. ऑगूनं आशीर्वाद दिला, पण पाठ केलेला धडा म्हणावा तसा.

घरी परतताना आम्ही दोघं मागे राहिलो. मी विचारलं, का घेतलंत तुमच्यावर? आत्ता जाऊन सांगते त्याला.

"नाही सांगायचं," बाबा म्हणाले. ते चालायचे थांबले. "मी अजून किती वर्षं आहे, ब्रिजू? तुला नवरा नाही, पोर नाही. माझ्यानंतर तुला तो आणि त्याला तू. बापावर रागावलेला पोरगा आज ना उद्या येतो. भावाबहिणीचं तुटलं तर सांधायला मी नसणार."

"पण तुम्हाला त्याला सांगायचं होतं ना..."

"ते राहू दे आता. मी असेपर्यंत त्याला सांगायचं नाही. कबूल कर."

मी कबूल केलं. आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं मला नंतर वर्षानुवर्षं छळत राहिलं.

ऑगू घरी यायचा बंद झाला नाही. चिठ्ठ्या लिहायचा, औषधं आणायचा, बाबांचे पाय चेपायचा. पण नाताळला बाबा पेले भरायचे आणि एक त्याच्यापुढे सरकवायचे, तेव्हा तो म्हणायचा, नको बाबा, संध्याकाळी मिस्सा आहे. दुसऱ्या वर्षी, घसा बसलाय. तिसऱ्या वर्षी, डॉक्टरांनी सांगितलंय. चौथ्या वर्षी नुसता हात आडवा धरला. बाबा दर वेळी तो पेला उचलायचे आणि वाईन पुन्हा बाटलीत ओतायचे, थेंब न सांडता. मी चारही वेळा तिथेच होते. चारही वेळा माझ्या तोंडाशी आलं, आणि बाबा माझ्याकडे असे बघायचे की मी उठून चुलीकडे जायची.

पाचव्या वर्षी फेब्रुवारीत बाबा वाडीत आंबुशी उपटत होते. दमलो म्हणाले, माडाखाली बसले, आणि तिथेच गेले. अंत्यविधीचा मिस्सा ऑगूनंच केला. त्यानं बाबांच्या कष्टांबद्दल सांगितलं, आय गेल्यावर आम्हाला कसं वाढवलं ते सांगितलं. क्षमेबद्दलही बोलला. म्हणाला, बापाला क्षमा करायला मुलानं वेळ लावू नये, मी लावला. सगळी आळी रडत होती. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मी एसटी पकडून त्याच्या चर्चला गेले. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. जाळीआड बसलेल्या फादरला आपली पापं सांगायची, त्या पापनिवेदनासाठी बायकांची रांग होती, तिच्यात उभी राहिले. घरी सांगितलं असतं तर तो भांडला असता, मी उलट भांडले असते, आणि मूळ गोष्ट राहून गेली असती. जाळीच्या पलीकडे त्याला भांडता येत नाही आणि मला उठता येत नाही. आणि नियमच असा, की तिथे ऐकलेलं त्याला बाहेर आल्यावर कोणाकडेही काढता येत नाही. माझ्याकडेसुद्धा नाही.

मी गुडघे टेकले आणि सुरुवात केली.

"बाय?" तो आतून म्हणाला.

"इथे बाय म्हणू नको," मी म्हटलं. "ऐक फक्त."

सगळं सांगितलं. टोपली, मोरी, सुरई, बाबांनी माझ्याकडे पाहिलं ते, आणि वाटेत म्हणाले ते.

"म्हणजे बाबांनी मिस्सात काहीच केलं नव्हतं," तो म्हणाला.

"काही नाही. तू नाही म्हटल्यावर त्यांनी त्या बाटलीला हातसुद्धा लावला नव्हता. त्यांना फक्त तुला जा म्हणायचं होतं. अकरा वर्षं उशिरा."

"आणि मी चार नाताळ..." तिथे पाप माझं सांगायचं होतं, त्याचं नाही. मग मला जाळीतून त्याचं रडणं ऐकू आलं. लहानपणी उशीत तोंड घालून रडायचा तसंच. मी हात जाळीवर ठेवला, पण जाळी ती जाळी. बाहेर रांगेतल्या बायका खोकायला लागल्या.

शेवटी तो फादरच्या आवाजात म्हणाला, "बाबांची वाईन शिल्लक आहे?"

"एक बाटली. या नाताळची."

"ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मी घरी येईन. तुझं प्रायश्चित्त म्हणजे, ती माझ्यापुढे ठेवायची. आणि जागेवरून उठायचं नाही."

तो दुपारी आला, साध्या शर्टात. मी बाटली ठेवली, पेला ठेवला आणि समोर बसले. या विषयावर त्याला एक शब्द बोलता येत नव्हता. त्यानं पेला भरला, बराच वेळ नाकाशी धरला, आणि हळूहळू प्यायला. पुन्हा भरला. मला वाटलं, आता बास करेल, त्याला सवय नव्हती. त्यानं तिसरा भरला तेव्हा माझ्या लक्षात आलं, नाकारलेल्या प्रत्येक नाताळचा एक. चौथ्याला त्याचे कान लाल झाले होते आणि डोळ्यांतलं पाणी तो पुसतही नव्हता. चौथा संपवून त्यानं पेला पालथा घातला.

"आंबुशी जरा जास्त पडलीय," तो म्हणाला.

मी म्हटलं, त्यांचे गुडघे दुखत होते, मीच खुडली होती.

तो उठला तर झोक गेला. मी धरायला गेले, तर त्यानं माझा हात आपल्या डोक्यावर ओढून घेतला आणि क्षणभर तसाच उभा राहिला. मग आत जाऊन बाबांच्या खाटेवर आडवा झाला. संध्याकाळपर्यंत झोपला. मी त्याच्या चपला आत आणून ठेवल्या आणि त्याच्या उशाशी बसून राहिले.